साधनाच्या नावावरची फर्म

(महाळुंगे पडवळचा एसटी थांबा. मंचरची सकाळची गाडी यायची आहे.)

साधना : म्हंजी माझा पॅन दिला म्हणून एजंटाकडनं तुला रोख सात हजार. वर फर्म चालू राहिली तर महिन्याला दोन. बरुबर?

मोहित : दोन कधी आलेच नाहीत, ताई.

साधना : मंग तू बुडालाच की राव. बँकेतल्या मॅडम मला इचारत्यात, तुमचा भंगाराचा व्यापार कुठं चालतो? म्हटलं, मी रोपवाटिकेत टोमॅटोचे ट्रे भरती. त्यांनी कागद फिरवून दाखवला. माझ्या नावानं एक कोटी ऐंशी लाखांची विक्री. जीएसटी थकला, म्हणून खातं गोठवलं.

मोहित : एजंट म्हणाला, नुसता पॅन नंबर लागतो. कॉलेजात बऱ्याच पोरांनी दिलेत. ज्याला उत्पन्नच नाही त्याला टॅक्स कसला, असं सगळेच म्हणतात.

साधना : तू बी.कॉम.ला टॅक्सच शिकतो ना?

मोहित : परीक्षेपुरता. सर पगाराची गणितं घालतात.

साधना : किती पडले?

मोहित : ब्याऐंशी.

साधना : झ्याक. अन् मला ओटीपी कसा नाय आला?

मोहित : तो माझ्याच मोबाईलवर येतो. घरात सगळ्यांचे पॅन मीच काढले ना. चौघांनाही माझाच नंबर जोडलाय.

साधना : अन् आई गावभर सांगती, आमचं समदं मोहित बघतो.

मोहित : नर्सिंगच्या कॉलेजला फीसाठी थांबायची विनंती केली असती तर...

साधना : केली. फी काल पाचपातुर भरायची व्हती. चार वर्षांचे बासष्ट हजार खात्यात दिसत व्हते, निघत नव्हते. फोनवर बाई लई गोड बोलल्या. सव्वापाचला यादीतली पुढची पोरगी उभी व्हती म्हणं. घोडेगावची हाय.

मोहित : पुढच्या वर्षी परत फॉर्म भरू.

साधना : अण्णा माझ्या लग्नाला एकच वर्ष थांबणार व्हते. काल संध्याकाळीच त्यांनी पावण्यांना फोन लावला. ते जाऊ दे. चार पॅन नंबर व्हते तुझ्याकडं. सवताचा का न्हाई दिला?

मोहित : गाडी आली वाटतं.

साधना : दुधाचा टेम्पो हाय तो. बोल.

मोहित : मला पुढं सीए करायचंय. माझ्या पॅनवर काही नको, म्हणून.

साधना : म्हंजी धोका ठावं व्हता.

मोहित : थोडा. वाटलं, तुला कुठं लागणारे पॅन. तू काय कमावणारेस.

साधना : ते बासष्ट हजार कुणी कमावले रे?

मोहित : ताई, मी येतो तुझ्यासोबत पुण्याच्या जीएसटी ऑफिसात. साहेबांना सांगतो, ओटीपी मी दिला.

साधना : आईनं कालच जबाब ठरवलाय. पोराचं आयुष्य जाईल, मला म्हणाली. तू तर काय, लगीन होऊन जाणार. ओटीपी मीच दिला, असं मी लिहून तिला वाचायला बी दिलंय.

मोहित : मग माझं नाव?

साधना : कुठंच न्हाई.

मोहित : तू असं नको करू.

साधना : मंग आईला सांगून ये तसं. घर काय लांब न्हाई.

मोहित : (तिची पिशवी उचलून रस्त्याकडं पाहतो.)

साधना : बघ. आता खरंच गाडी आली. पिशवी दे इकडं.

मोहित : मी काय करू, ताई?

साधना : घरी जा. आईला म्हणावं, काळजी करू नको. बाकी कुणाला काय भरावं लागलं न्हाई. माझ्या एकटीत भागलं.