पाठीतलं हाड कुणाचं?

…आणि तुम्हाला सांगतो, पाठ माझी, मणके माझे, खाटेवर उताणा मी, आणि येणारा प्रत्येक जण काय विचारतो? ‘दुखतंय का?’ छे! ‘हाड कुणाचं?’

झालं असं, की मणका सरकला होता, तो खालच्याला जोडायचा होता. डॉक्टर म्हणाले, स्क्रू नुसते धरून ठेवतात, खरा जोड हाडाचाच, मधे हाडाचा चुरा भरावा लागतो. तुमच्या कमरेचं काढलं असतं, पण ते ठिसूळ, पुरायचं नाही, हाडपेढीतून आणू. म्हटलं, आणा! बायको जाऊन वर्ष झालेलं, बसलं की कळ, ओट्याशी उभ्यानं जेवत होतो हो… बसून जेवायचं होतं, बाकी काही नाही.

तर आधी आले शेजारचे काकासाहेब, चिकलठाण्याच्या कारखान्यातून रिटायर. ‘हाड कुणाचं? बॅच बघितली का? आम्ही बॅच बघितल्याशिवाय पार्ट बसवत नव्हतो!’ अहो, पाठ आहे, पंप नाही!

मग बिडकीनहून वच्छलामावशी. ‘हाड कुणाचं रं?’

‘कुणीतरी दान दिलेलं, मावशी.’

‘म्हंजी मेलेल्याचं?’

‘असेल.’

‘आन् अस्थी पैठणला गंगेत सोडायच्या, त्या तुझ्या पाठीत? जीव अडकला की त्याचा! हाड धरायचं नाय बघ!’

हसावं तर टाके ओढतात! पण ‘धरायचं नाय’ एवढं डोक्यात बसलं. कारण डॉक्टरही तेच म्हणाले होते, नाही धरलं तर पुन्हा उघडावं लागेल.

म्हणून त्या हाडवाल्याचा जीव सोडवायला, कमरेचा पट्टा आवळून गच्चीवर. मावशीनं पिंड ठेवला. कावळे समोरच्या टाकीवर ओळीनं, एक हलेल तर शपथ! मावशी म्हणते, ‘बाबा, तुझ्या लेकरांचं चांगलं व्हईल!’ ढिम्म. काकासाहेब, ‘तुमचं हाड जपून वापरू!’ ढिम्म. मी म्हटलं, ‘वाकणार नाही, जड उचलणार नाही, स्कूटर विकतो!’ …स्कूटर विकली, कावळा नाही तो नाहीच. शेवटी मावशीनं दर्भाचा कावळा करून टेकवला. ‘लई हट्टी माणूस दिसतोय!’

परवा एक्स-रे काढला. धरलं! मावशी शेजारीच. मी हळूच विचारलं, ‘डॉक्टर, हाड कुणाचं होतं?’

‘नाव नाही सांगणार. आमच्याच एका पेशंटचा खुबा बदलला, तेव्हा निघालेलं हाड त्यांनी पेढीला दिलं.’

‘म्हणजे… जिवंत आहेत?’

‘जिवंत? जिना चढतात!’

‘अगं बाई!’ मावशीनं कपाळाला हात लावला. ‘जित्या माणसाचा दहावा घातला की रं आपण!’

कावळ्यांना तेवढं कळलं होतं. माझ्या बायकोच्या दहाव्याला पिंड ठेवून हात मागं घेतला नाही, तोच शिवले होते… कावळ्यांची काही चूक होत नाही हो. स्कूटर मात्र हकनाक गेली.