शंभरापैकी राग किती?

...आणि बंडखोर तरी कसे, तुम्हाले सांगतो, एकदम शिस्तीचे! कॉम्प्युटरवर तो इतिहासाचा गेम असते ना, राज्य चालवायचा, त्यातले बंडखोर म्हणतो मी. मी त्यात दख्खनचा राजा आहो. बाहेर मी नरहरी, सिलतऱ्याच्या एका प्लांटात डिस्पॅचले बसतो, पण रविवारी जेवण झालं की राजा. तं एखाद्या सुभ्यातली नाराजी वाढत वाढत शंभरावर गेली की बंडखोर उठतात. कुठून उठतात? जमिनीतून. पुढारी नाही, मागणी नाही, गाऱ्हाणं नाही. धानाच्या बांधीत येऊन उभे राहतात आणि माझी फौज यायची वाट पाहतात. मी येतो, मारतो, ते मरतात. काही वर्षांनी पुन्हा तेवढेच, पुन्हा तिथंच. अरे बाबा, मागच्या खेपेले इथंच मेले ना तुम्ही, निदान डोंगरात जाऊन उभे राहा... नाही. बरं, चुकून जिंकलेच, तं जिंकून करतात काय? घरी जातात. मग उठले कायले?

मले सांगा, अशानं राज्य करण्यात काही मजा राहते का?

मी घरात बोलून दाखवलं. बायको, पद्मिनी, मेथी निवडून राहिली होती, ती म्हणाली, माझं काही म्हणणं नाही. पोरगी देवश्री म्हणाली की गेम बनवणाऱ्यायनं खेळणाऱ्यायकडूनच सूचना मागवल्या आहेत, बंडखोर कसे सुधारावे म्हणून. आमची पोट्टी मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. "पापा, आप मराठी में बोल दो, इंग्लिश मैं कर दूँगी." आता मी कोणतंही काम असं वरवर करत नाही. म्हटलं, खरं बंड कसं होते ते आधी समजून घ्यावं लागेल. आणि त्याच्यासाठी माणसं पाहिजे. माणसं होती. मी आमच्या मंडळाचा अध्यक्ष होतो.

समता कॉलनीत आमचं वैदर्भीय स्नेह मंडळ आहे. कोणी रेल्वेतले, कोणी सरकारीतले, कोणी प्लांटातले, सगळे नागपूर-भंडाऱ्याकडून कधीतरी इकडं हिंदी मुलखात आलेले. अकरा वर्षं मी अध्यक्ष. निवडणूक? होते ना, दरवर्षी होते. सचिव क्षमाताई उभ्या राहतात आणि विचारतात, अध्यक्ष म्हणून नरहरीभाऊच राहतील, कोणाचं काही म्हणणं? सगळे म्हणतात, काही म्हणणं नाही. मग नारळ फुटते, प्रसाद वाटतात, निवडणूक संपते. अन् यंदा तं मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष. समारंभात समई अध्यक्षानं लावायची. मी सदर बाजारातून कापड घेऊन जाकीट शिवून ठेवलं होतं. जीवनात माणसाले दुसरं काय पाहिजे, तुम्हीच सांगा. एक समई, एक जाकीट, समोर आपली माणसं.

तं मी निघालो. पहिले गेलो बाबारावांकडं. रिटायर गार्ड, माणूस एकदम थंड. चहा झाल्यावर मी सरळच विचारलं, "बाबाराव, माझ्याबद्दल तुमच्या मनात शंभरापैकी राग किती?"

ते म्हणाले, राग? कायचा राग? काही म्हणणं नाही. मी म्हटलं, तसं नाही, अभ्यासासाठी पाहिजे, आठवून पाहा. मग त्यायनं डोळे मिटले. बराच वेळ मिटले. म्हणाले, तू आता विचारलंच तं... एका वर्षी वनभोजनाले रोडगे आतून कच्चे निघाले होते. गोवरीच्या जाळावर घाई केली होती तू. लिही पाच.

मी खूश होऊन घरी आलो. सकाळी त्यायचा फोन. "नरहरी, त्या पाचाचे बारा कर. झोपच नाही आली, एकेक आठवत गेलं."

पाहा, कसं वाढते! गेममधे नाराजी धान्याच्या भावानं वाढते. खऱ्यात ती विचारपूस केल्यानं वाढते. हे मले तेव्हाच समजायले पाहिजे होतं, पण मी त्याले शोध समजलो.

मग निरंजनकडं गेलो. तो सराफाकडं हिशेब पाहतो, त्याले आकड्याची भीती नाही. तो आधी तेच, आमचं काही म्हणणं नाही. मी त्याले अंदाज यावा म्हणून सांगितलं की बाबारावांनी बारा दिले. तं तो म्हणे, बाबारावांचे बारा? ते तं वनभोजनाले दोनदाच आले, मी दरवर्षी तुमचे रोडगे खाल्ले भाऊ, माझे वीस धरा. त्याची बायको आतून म्हणाली, वीस कशाचे, दर वर्षी कार्यक्रमात दीड तास नरहरीभाऊंचंच भाषण, पस्तीस सांगा. स्नेहल म्हणून एक पोट्टी आहे, बँकेत लागली आताच, ती गेटवरच भेटली, म्हणाली, "अंकल, मेरा तो सत्तर है. पनीर कभी नहीं, डीजे कभी नहीं." मी तिले शाबासकी दिली. इतका साफ आकडा कोणी दिलाच नव्हता.

आणि इथं, तुम्हाले सांगतो, मी इतका रंगलो की मले शिकवल्याशिवाय राहवेना. पुन्हा निरंजनकडं जाऊन म्हटलं, पाहा, तुमची नाराजी आहे, पण बंड होणार नाही. काहून? तं तुमच्यात पुढारी नाही. आणि पुढारी असा पाहिजे की राजाले त्याचा संशयच येणार नाही. दरबारातलाच. शक्यतो राजवाड्यातला. निरंजन म्हणाला, हव भैया, बरोबर आहे. आणि आपल्या बायकोकडं पाहिलं. मले वाटलं तिले समजलं नाही म्हणून पाहिलं. मी पुन्हा समजावून सांगितलं.

देवश्रीनं सगळं इंग्रजीत करून पाठवून दिलं. बंडखोराले गाऱ्हाणं द्या, पुढारी द्या, त्यायले आधी एकमेकांच्या घरी चहा पिऊ द्या, आणि तोवर राजाले सगळे म्हणतील, काही म्हणणं नाही. मस्त झालं होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी मंडळाची निवडणुकीची सभा. पद्मिनी माझ्याच स्कूटीवर मागं बसून आली, मांडीवर प्रसादाचा डबा. क्षमाताई उठल्या, नेहमीसारखं विचारलं, नरहरीभाऊच राहतील, कोणाचं काही म्हणणं?

नारळ फोडायले उठलेला मंडळातला विशाल तसाच उभा. मग बाबारावांनी घसा साफ केला.

"आमचं म्हणणं आहे."

खोटं नाही सांगत, माझ्या मनात पहिले आनंद झाला. म्हटलं, जमलं! गाऱ्हाणं आहे, चहापाणी झालेलं आहे, सगळं माझ्या सूचनेप्रमाणं... फक्त पुढारी राहिला. तेवढ्यात निरंजनच्या बायकोनं नाव सुचवलं. पद्मिनी. स्नेहलनं अनुमोदन दिलं, तेही मराठीत, पाठ करून आली होती पोट्टी. हात वर झाले. मी इकडं तिकडं पाहिलं, एकटाच खाली हात घेऊन बसलो होतो, ते बरं दिसेना, मीही वर केला. नारळ फुटला.

येताना स्कूटीवर मी म्हटलं, "तू मले सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही. साऱ्या कॉलनीत विचारून आले, घरात विचारलं?"

रेल्वे फाटक लागलं होतं, थांबलो. मी म्हटलं, "बरं, आता विचारतो. शंभरापैकी किती?"

तिनं मांडीवरचा डबा सावरला. मग म्हणाली, "फाटक उघडलं. गाडी नीट चालवा."

आता मले सांगा, हा आकडा मी काय धरू?

मग गेमवाल्यायचं उत्तर आलं. देवश्रीनं वाचून दाखवलं. तुमची कल्पना चांगली आहे म्हणे, पण खेळणाऱ्याले बंड येताना आधी दिसलं पाहिजे, नाही तं तो चिडतो आणि गेम सोडून देतो. मी म्हटलं, त्यायले लिही की दिसत नाही. सगळं समोर असते, मागच्या सीटवर डबा धरून बसलेलं असते, तरी दिसत नाही. ती म्हणाली, "पापा, ये लाइन रहने दो."

बरं, राज्य बदललं तं काही बदललं असंन? वनभोजनाले रोडगेच झाले. पद्मिनीले रोडगे आवडतात. पनीरचं तिनं म्हटलं, पाहू. डीजेचं म्हटलं, पुढच्या वर्षी पाहू. बाबारावांनी चार रोडगे खाल्ले, काही म्हणणं नाही.

आणि मग समारंभ. मी जाकीट घालून गेलो, शिवलंच होतं तं. हॉल भरलेला. पद्मिनी समईसमोर उभी, नवी साडी, हातात पेटती मेणबत्ती, आणि समईची वात काही पेट धरेना. वर पंखा फुल सुरू, बटन कुठं आहे ते हॉलवाल्यालेही माहीत नाही. फोटोवाला खोळंबला. पद्मिनीनं पूर्ण हॉलमधे नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. म्हणाली, "अहो, जरा इकडून उभे राहा. हवा अडवा."

मी उभा राहिलो. जाकीट दोन्ही हातांनी पसरून उभा राहिलो. समई लागली, टाळ्या झाल्या.

फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला आहे. समई आहे, पद्मिनी आहे, आणि उजव्या कडेले माझं कोपर आहे. सगळ्यायनं फोटोखाली पसंतीचा अंगठा दिला. मीही दिला. कोपर चांगलं आलं आहे.