घटी, पळं, विपळं अन् माझ्या लेकीचं लग्न

...नाही, पण 'सर, बारा छत्तीस काय अन् बारा एकोणचाळीस काय, तीन मिनिटांनं काय होते?' असं कसं म्हणता तुमी? तीन मिनिटं म्हणजे साडेसात पळं! साडेसात पळं म्हणजे साडेचारशे विपळं! तुमाले सांगतो, घटी म्हणजे चोवीस मिनिटं, पळ म्हणजे चोवीस सेकंद, अन् विपळ म्हणजे सेकंदाचे दोन पंचमांश... पापणी लवली का गेलं! अन् हे मले शिकवता? बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी अमरावतीत!

तं झालं असं, माझ्या लेकीचं, स्वरालीचं, लग्न ठरलं अकोल्याच्या सोहमसंगं. कार्यालयही अकोल्यातच. आमची तारा, म्हणजे बायको, म्हणते, "मुहूर्त गुरुजी काढतीन. तुमी फक्त वेळेवर पोहोचा म्हणजे झालं." आता हा टोमणा काहून? एकतीस वर्षांपूर्वी आमची वरात मूर्तिजापूरच्या रेल्वे फाटकात अडकली अन् आमचा मुहूर्त पावणेदोन तासांनं हुकला. चार घटी, साडेबावीस पळं! तवापासून घरात दूध उतू गेलं का ही म्हणते, "जाईनच नं! मुहूर्त हुकला होता आपला!" गॅस संपला, मुहूर्त. माझी बढती अडकली, मुहूर्त. एकतीस वर्षं ऐकून राहिलो बापा! म्हणून मी छाती ठोकून सांगितलं, तारे, पोरीचा मुहूर्त एक विपळ जरी इकडचा तिकडं झाला, तं नावाचा गोपाळकृष्ण नाही मी.

आजकालच्या पंचांगात सरळ घड्याळाची वेळ छापून येते. पण सरळ आलेलं मले कुठचं पचते? मी जुन्या रीतीनं मांडलं... सूर्योदयापासून चौदा घटी, वीस पळं, सात विपळं. करा गुणाकार! पाच तास, चव्वेचाळीस मिनिटं, दोन पूर्णांक आठ दशांश सेकंद. सूर्योदय सहा बावन्नचा. मिळवा! बारा छत्तीस, अन् वर ते दोन पूर्णांक आठ. पत्रिकेत दशांशासकट छापाले लावलं हो मी! छापखानेवाला म्हणे, "सर, लोकायले वाटीन दुधाचं फॅट छापलं." म्हटलं, तू छाप. बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी!

लग्नाचा दिवस. बारा पस्तीस. अंतरपाट धरला, सहाशे लोकायच्या मुठीत अक्षता, अन् मी मोबाइलमधलं स्टॉपवॉच घेऊन गुरुजींच्या बोकांडी उभा. दहा... नऊ... आठ... तेवढ्यात गुरुजी हळूच म्हणतात, "सर, माझ्या पंचांगात तं अकोल्याचा मुहूर्त बारा एकोणचाळीस आहे. तुमी सूर्योदय कुठचा धरला?"

म्हटलं, "कुठचा म्हणजे? अमरावतीचा! रोज गच्चीतून पाहतो मी त्याले."

"अन् लग्न कुठं लागून राहिलं?"

...घाम फुटला हो मले! अकोल्यात सूर्य तीन मिनिटं मागं-पुढं! पण मागं का पुढं? मिळवू का वजा करू? डोक्यात काहीच येईना. बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी, अन् घाईघाईत केले वजा! बारा तेहतीस! अन् ओरडलो ना मी भर मांडवात, "मुहूर्त गेला! गेला मुहूर्त!" तारानं तिथंच बसकण मारली. "यांचा मुहूर्त तं नेहमीच जाते!" व्याही पाणी मागून राहिले. बँडवाल्याले काही समजलं नाही, त्यानं वाजवणं सुरू केलं, त्याले चार जणांनी थांबवलं. तेवढ्यात अंतरपाटामागून माझी लेक, मुंडावळ्या बांधलेली, ओरडते, "बाबा, अकोला पश्चिमेले आहे! मिळवा! तीन मिळवा!"

माझीच विद्यार्थिनी शेवटी! मुहूर्त अजून यायचाच होता. गुरुजींनी मंगलाष्टकं लांबवली, अन् मी कोपऱ्यात टेकून वहीत विपळं काढाले लागलो. नुसते तीन मिनिटं कसे चालतीन? साडेचारशे विपळं, त्यात ती सात... हातचा घेतला, खोडला, पुन्हा मांडला... अन् डोक्यावर काहीतरी पडलं. वहीवर तांदूळच तांदूळ! बँड दणाणला. मान वर केली तं दोघांच्याही गळ्यात हार. झालं होतं लग्न! बरोबर बारा एकोणचाळीसले, गुरुजींच्या साध्या हातघड्याळावर.

अन् मी पाहिलंच नाही हो. चोवीस वर्षं ज्या घडीची वाट पाहिली, ती समोर होती अन् मी खाली मान घालून हातचा शोधून राहिलो होतो. लय वाईट वाटलं. पण सांगू कोणाले? तारानं मात्र ओळखलं. जवळ आली, माझ्या टकलावरचे तांदूळ झटकले अन् म्हणे, "जाऊ द्या. व्हिडिओत पाहून घ्या."

व्हिडिओवाला म्हणे, "सर, आठ दिवसांत देतो." आठ दिवस म्हणजे चारशे ऐंशी घटी, मी लगेच वहीत टिपलं. लग्नाले आज पाच महिने झाले! काल पुन्हा फोन केला, तं म्हणते, "बस सर, पाच मिनिटांत पाठवतो!" मी म्हटलं, बरं बापा. हे पाच मिनिटं कुठच्या सूर्योदयापासून धरायचे, तेवढं मात्र मी विचारलं नाही.