पासच्या बचावात देशात पाचवे

अध्यक्ष प्रतिमाताई, व्यासपीठावरचे प्राध्यापक एकनाथराव, सत्कारमूर्ती डॉक्टर देवयानी, आणि शनिवारची मॅच सोडून इथे आलेल्या, निदान देहाने आलेल्या मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

गोड बोला, अशी प्रतिमाताईंची सूचना आहे. प्रयत्न करते. पण देवयानी म्हटलं की मला २००५ चा ऑक्टोबर आठवतो, आणि दोन वर्षांनीही डोकं तापतं.

ही मुलगी नागपूरहून इथे अमेरिकेत स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडीला आली. असिस्टंटशिप मिळाली ती युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमच्या प्रसिद्धी कार्यालयात. फुटबॉल म्हणजे इकडचा, हातात बॉल घेऊन पळायचा किंवा फेकायचा. आमची टीम सहापैकी पाच मॅचेस हरलेली. अर्धा सीझन झाला, देशभरातल्या टीम्सचे आकडे आले, आणि काय सांगू? फेकलेला बॉल, म्हणजे इकडचा 'पास', अडवण्यात आम्ही देशात पाचवे!

कार्यालयाचे साहेब खूश. म्हणाले, "मॅचच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर टाक."

देवयानी म्हणाली, "सर, मग पूर्ण सांगू या."

"तू आकडा टाक. अर्थ लोक लावतील."

हिने आकडा टाकला, आणि खाली एक वाक्य जोडलं: 'पळणाऱ्याला अडवण्यात आपण एकशे एकोणीस टीम्समध्ये एकशे सतरावे आहोत, त्यामुळे आपल्याविरुद्ध बॉल फेकायची कुणाला गरजच पडत नाही.' साहेबांनी न वाचता पुस्तिका छापायला दिली. शनिवारी अख्ख्या स्टेडियमने वाचली. सोमवारी हिची असिस्टंटशिप गेली.

मी हिला घरी बोलावून फैलावर घेतलं. "अगं, तुझी फी माफ होती ती या कामामुळे. आता पीएचडी अर्धवट टाकून परत जाणार? आईला काय सांगशील?"

ही शांतपणे पोळी मोडत म्हणाली, "काकू, आकडा खरा होता. पण लोकांची समजूत खोटी झाली असती."

मी हिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

एकनाथराव, तुम्ही खटपट करून हिला शिकवण्याचं काम दिलंत, म्हणून आजचा दिवस दिसला. पण पहिल्याच वर्गात मागच्या रांगेत कोण? टीमचेच दांडगे खेळाडू. तास संपल्यावर एकजण टेबलापाशी येऊन उभा राहिला. पुढचं हिनेच मला नंतर सांगितलं.

"मॅम, ते वाक्य तुमचं?"

"हो."

"आम्हाला माहीतच होतं. मैदानात आम्हीच होतो ना. तुम्हाला काढलं ते चुकलं."

हे त्या पोराला कळलं. कार्यालयाला मात्र आजतागायत कळलेलं नाही. साधं 'सॉरी' नाही. इतकंच काय, गेल्या आठवड्यात त्याच साहेबांचा हिला फोन: "तुझ्याइतकी हुशार दुसरी कुणी सुचव." आहे की नाही कमाल?

देवयानी, उद्या तू रेडमंडला सॉफ्टवेअर कंपनीत रुजू व्हायला निघालीस. साहेब तिथेही असतील, आणि आकडेही. माझं ऐक, पहिलं वर्ष तरी गप्प राहा.

बघा, आत्ताच मान हलवतेय, नाही म्हणून. खरं सांगू का, हो म्हणाली असतीस तर मला जास्त राग आला असता.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. गोड बोलणं काही जमलं नाही. तेवढं पोटात घाला, आणि मला बसू द्या.