कोळसा पेटंना
तर गड्या, आमच्या वडलांना, आबांना, मी पुण्यातनं कोळशावर भाजायची, चिनीमातीची झाकणवाली ग्रिल आणून दिली. तवापास्नं दर शनिवारी गावाकडनं, पलूसहून फोन. "आरं, कोळसा पेटंना. यिऊन बघ जरा."

मी जायचो, खालची हवेची खिडकी उघडायचो, मूठभर उसाचं पाचट टाकायचो, की लगेच पेटायचा. आबा म्हणायचे, "ध्यानातच ऱ्हात न्हाई बघ."

गेल्या शनिवारी आई बोलून गेली, "बुधवारी ह्यांनी त्यात लय झ्याक कणसं भाजली की!"

आबा खाली मान घालून राख उकरत बसले. मी हवेची खिडकी उघडली नि मूठभर पाचट टाकलं.

काल परत फोन. "आरं, आता झाकणच उघडंना."

म्हटलं, "आबा, हात लावू नका. आलोच."