नळाची तोटी

"काका, हातात नळाची तोटी घेऊन कुठं निघालात?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून बदनापूरहून कबड्डी जिंकून परतताना अर्पितानं बसमध्ये पुढच्या सीटवरच्या काकांना विचारून टाकलं. मस्तगड भागातलं तिचं घर नुकतंच विकलं गेलं होतं, अन् आपला झोका बरोबर न्यायचाच म्हणून ती अडून बसली होती.

"घर विकलं, पोरी. तोटी माझी, म्हणून काढून आणली."

"बल्ब बी काढले ह्यांनी!" शेजारी बसलेल्या आसराकाकू म्हणाल्या.

"अन् तू? भरलेला रांजण ठेवून आलीस!"

"नळ आठ-आठ दिवस येत न्हाई. नवी बाई लेकराला काय पाजील?"

"रांजण माझ्या मायचा होता, आसरा."

"म्हणून तर पाणी गार राहतंय. पण नळ आल्यावर तोटीवाचून सारं वाहून जाईल, त्याचं काय?"

काका तोटी मुठीत धरून उठले.

"कंडक्टर सायब, थांबवा गाडी!"

"आता काय झालं?"

"तोटी लावून येतो. तू बस इथंच."

"मी बी येते. बल्ब घ्या बराबर!"

संध्याकाळी अर्पिता घरी पोचली तेव्हा बाबा स्टुलावर चढून झोक्याच्या कड्या काढत होते, आई खाली फळी धरून उभी होती.

"बाबा, उतरा. आई, सोड ती फळी. झोका नव्या लोकांच्या पोरीला राहू द्यायचा. अन् निघायच्या आधी टाकी मी भरणार, काठोकाठ!"