मन्ह्या वाटची प्रार्थना

मन्हं नाव मार्था, आमचं गाव विसरवाडीपासून आत, डोंगराच्या बाजूले, बस गावात येत नही, फाट्यावर उतरून पायी यायचं, तुम्ही आले ना तसंच. घरात आमची मावची बोली, बाजारात अहिराणी, आणि शाळेत सातवीपर्यंत मराठी, म्हणून मन्हं बोलणं असं सगळं मिसळून शे, लिहिताना सरळ करू नका, मंग ते मन्हं ऱ्हाणार नही. विश्वासात आमचा आजा आला, म्हणजे मी काही नवीन नही, चर्चच्या पत्र्याखालीच वाढले. विसरवाडीच्या फाट्यावर टोपली घेऊन बसते, सीताफळं निघाली की सीताफळं, मंग बोरं, पावसाळ्यात भाजलेली कणसं, बस थांबली की खिडकीखाली पळायचं. तोंड मन्हं पहिल्यापासून तिखट. गिऱ्हाइकाशी भांडते, नवऱ्याशी भांडते, आणि खरं सांगू का, देवाशीपण मन्हं भांडण चालू शे, ते अजून मिटलं नही.

लग्न झालं तरी लई वर्षं मूल नव्हतं. मंडळीनं प्रार्थना केली, मंडळी म्हणजे आमच्या चर्चची सगळी माणसं, मंग एस्तेर झाली. एकच पोर. ती सहा वर्षांची असताना शाळेत रक्त तपासलं आणि नर्सबाई घरी आली, म्हणे पोरीले सिकलसेल शे, तुमच्या दोघांच्या रक्तात अर्धं अर्धं व्हतं, हिच्यात पुरं उतरलं. कार्ड दिलं, गोळ्या दिल्या, म्हणे रोज द्या, थंडीत जपा, पाणी लई पाजा. थंडी आली की पोरीचे गुडघे, कोपरं असे दुखायचे की ती चादर दातात धरायची. आणि आमच्याकडे रीत शे, ज्याच्या घरी दुखणं त्याच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी मंडळी येणार, बोलवावं लागत नही. येणार, गाणं म्हणणार, पोरीच्या डोक्यावर हात ठेवणार, जाताना कोणी अंडी ठेवून जाईल, कोणी गुडघ्यांले मोहाचं तेल लावून जाईल. असं दर हिवाळ्यात चाललं. राहेलकाकी तर पुढं, आमच्या मंडळीत वयानं सगळ्यात मोठी, विधवा बाई, तिचा हात लागला की एस्तेर झोपायची.

मंग काय झालं, एस्तेर अकरावीले गेली आणि एक वरीस तिले काही झालंच नही. एक पुरा हिवाळा गेला, दुखलं नही, नाचायची, चर्चमध्ये खंजिरी वाजवायची, गालावर रंग आला. काय सांगू तुम्हाले मन्ही खुशी. आमच्याकडे रविवारी साक्ष देतात, देवानं ज्याचं भलं केलं तो उठून सगळ्यांसमोर सांगतो. मी उठले. तीन गावांची सभा व्हती त्या दिवशी, मांडव भरलेला, आणि मी म्हटलं देवानं मन्ह्या पोरीले बरं केलं, आता ती कधी आजारी पडणार नही. हे दुसरं कोणी म्हटलं नव्हतं हं, ना पास्टर, ना काकी. मन्ह्या तोंडानं मीच जोडलं. लोक रडले, टाळ्या वाजल्या. त्यानंतर लोक पोरं घेऊन यायचे एस्तेरले भेटाले, तिचा हात लावून न्यायचे. एक तरणी बाई तर लांबून आली, सुगंधा नाव, तिच्या पोराचं हेच दुखणं, तेच कार्ड. एस्तेरले लाज वाटायची, म्हणे आई, मी काय करणार त्याले.

आणि मी गोळ्या बंद केल्या. आता तुम्ही मन्ह्याकडे असं बघू नका, मी रोज बघते स्वतःकडे. मले वाटलं, एवढ्या लोकांसमोर बोलले आणि घरात गोळी देते, मंग मन्ही साक्ष खोटी झाली ना. पास्टरनं सांगितलं नव्हतं, उलट तो विचारायचा, गोळ्या चालू शेत ना बाई, आणि मी हो म्हणून मान हलवायची. एस्तेर एकदा म्हणाली, आई, घेऊ दे ना, घेतल्यानं काय व्हतंय. मी म्हटलं विश्वास ठेव. पोर ऐकणारी व्हती, ऐकलं तिनं.

पुढचा हिवाळा आला. बाप तिचा टोळीबरोबर ऊसतोडीले गेलेला, शहाद्याकडे, कळसाडीच्या शिवारात, निम्मी मंडळी तिकडेच व्हती, इथे म्हातारी माणसं आणि आम्ही दोन-चार बाया. एस्तेरचं दुखणं सुरू झालं आणि मी दार लावून घेतलं. काय सांगू. आयुष्यभर ज्या माणसांनी मन्ह्या पोरीचे गुडघे चोळले त्यांच्यापासून मी पोर लपवली. रविवारी विचारलं तर म्हटलं मामाकडे गेली. शुक्रवारी कोणी आलं नही, कारण दुखणं शे हे कोणाले माहीतच नही. मी विटकर गरम करून शेकायची आणि एस्तेर तोंड दाबून रडायची, तिलेपण कळलं व्हतं की आवाज जायले नको. असे चार दिवस गेले. मन्ह्या अब्रूपायी मन्ही पोर आवाज न करता रडली.

पाचव्या दिवशी दुपारी राहेलकाकी आली, मी दारात आडवी उभी ऱ्हायले, म्हटलं पोर घरी नही. काकीनं मले बाजूले केलं, एवढीशी म्हातारी पण काय जोर, आत गेली, पोरीचे डोळे पिवळे झालेले, श्वास लागलेला. मले बोलली, मार्था, तू देवाची अब्रू राखत बसली व्हती का? देवाले अब्रू शे, ती त्याची त्याले राखू दे, तू पोर राख. मंग ओरडून जीप मागवली.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे रक्त लागेल, लगेच लागेल, माणसं आणा. मी टोळीवर फोन लावला. आणि बघा, तोड चालू असताना कोणी कोयता खाली ठेवत नही, मुकादम शिव्या देतो, पण आमचे अकरा जण निघाले, टेम्पोत उभं ऱ्हाऊन आले, हातावर उसाच्या पात्याचे चरे, अंगाले राख. रांगेत बसले. आणि एकेकाचं बोट टोचलं, आणि एकेकाले परत पाठवलं. ह्याच्या अंगात रक्त कमी शे, त्याच्या रक्तात तेच वाकडं शे जे पोरीच्यात शे. आमची सगळ्यांची एकच माती, काय करणार. मन्ह्या नवऱ्याचंही घेतलं नही. अकरामधल्या तिघांचं घेतलं. बाकीचे आठ जण बाहेर पायरीवर मान खाली घालून बसले, जसा काही गुन्हाच केला.

एस्तेर तिसऱ्या दिवशी गेली. जायच्या आधी सकाळी बरी बोलत व्हती. मी तिले म्हटलं, मले माफ कर, मी खोटी साक्ष दिली. ती म्हणे, आई, ते एक वरीस मी खरंच बरी व्हती. तेवढं खरं व्हतं. मंग पाणी मागितलं.

मातीच्या दिवशी मी वाट बघत व्हते की आता कोणी बोलेल. हिनंच मारली म्हणेल. कोणी बोललं नही. एक जण म्हणाया लागला, देवाची इच्छा बाई, तर काकीनं त्याले पाण्याची घागर दिली हातात, जा भरून आण. मंग नवरा परत टोळीवर गेला, त्याले जावंच लागलं, आणि मी घरात पडून. बाया पाळीनं यायच्या. भाकर करायच्या, मी खात नही तोवर ताटाजवळून उठायच्या नही, मी शिव्या दिल्या तरी उठायच्या नही. शुक्रवारी सगळी मंडळी दारात, गाणं. मी म्हटलं बंद करा, मले ऐकायले नको, मले प्रार्थना येत नही, मन्ह्या तोंडातून ते नाव निघत नही. काकी म्हणे, तू नको म्हणू. तुन्ह्या वाटची आम्ही म्हणतो. तू पडून ऱ्हा. आणि खरंच तसं केलं त्यांनी, प्रार्थनेत शेवटी एक जण म्हणायचा, ही मार्थाच्या वतीनं. मी भिंतीकडे तोंड करून ऐकायची. राग यायचा मले. पण एका शुक्रवारी पाऊस लई व्हता, येतील का नही असं मन्ह्या मनात आलं, आणि मी उठून दार उघडं करून ठेवलं.

चर्चले मात्र मी गेले नही. आठ महिने. मंग कळलं की सुगंधा येणार शे, तीच, पोराले एस्तेरचा हात लावून नेलेली. तिचा पोरगा सहा महिने दुखला नव्हता आणि ती साक्ष द्यायले उठणार व्हती, गोळ्या बंद केल्या म्हणे. त्या रात्री मन्हा डोळा लागला नही.

रविवारी गेले. मागे बसले. साक्षेची वेळ झाली, सुगंधा उठायच्या आधी मी उठले. बाजूच्या बाईचा खांदा धरला. मी म्हटलं, मागच्या वेळी ह्याच लोकांसमोर मी म्हटलं व्हतं की मन्ही पोर कधी आजारी पडणार नही. देवानं मले तसं सांगितलं नव्हतं. मी गोळ्या बंद केल्या. ती दुखत व्हती तेव्हा तुमच्यापासून लपवली. ती मेली. मले आता प्रार्थना येत नही. एवढीच साक्ष शे मन्ही.

साक्ष झाली की सगळे आमेन म्हणतात, पण असल्या साक्षेले काय म्हणणार. मले वाटलं आता मले बाहेर काढतील, काढावंच. मंग राहेलकाकी बसल्या जागेवरून म्हणाली, आमेन. आणि मागून सगळे म्हणाले. पास्टर रडत व्हता. सुगंधा उठलीच नही. जेवणाच्या वेळी हापशावर बघितलं, ती पोराले जवळ घेऊन उभी, आणि मन्ह्याजवळ येऊन हळूच विचारलं, बाई, राहिलेल्या गोळ्या आजपासून दिल्या तर चालतील का. मी म्हटलं, उद्या नर्सबाईकडे चल, मी येते संगं.

तर असं. आता रविवारी जाते. कोणी उठून म्हणालं की बरं झालं, तर मी बसल्या जागेवरून विचारते, गोळी चालू शे ना, लोक हसतात, पण सांगतात. दुखणं न गेलेलेही आता उठतात आमच्याकडे. एस्तेर नही ती नहीच. मन्हं तोंड अजून उघडत नही, गाण्यातही नही, मी नुसती त्यांच्यात बसते. तुम्ही एवढ्या लांबून आले, ऐकलं, आमच्यात अशा माणसाले आशीर्वाद दिल्याशिवाय पाठवत नही, पण मन्ह्याजवळ तो नही. जाताना राहेलकाकीच्या घरावरून जा. तिले सांगा, मार्थानं पाठवलं. ती म्हणेल तुमच्यासाठी, मन्ह्या वतीनं.